पालथ्या घड्यावर

"अहो, आधी ते सरळ धरा. लोक बघतायत."

लोक बघत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. तिथं फुलदाणी उलटी करून तिच्या बुडाला डोळे लावलेल्या माणसाकडे बघायला कुणालाच सवड नसते. माझ्या उजवीकडे एक जपानी आजोबा वाडगा पालथा घालून भिंगातून न्याहाळत होते. डावीकडे एक उंचापुरा गोरा माणूस थाळीच्या पाठीचा फोटो काढत होता. थाळीच्या पुढच्या अंगाला मोर होता, चांगला पिसारा फुलवलेला, पण फोटो काही त्याच्या नशिबी नव्हता. आम्ही तिघं एकमेकांना अनोळखी, तिघांच्या भाषा तीन, पण पंथ एक. पालथेपंथी म्हणा हवं तर.

बायकोचं म्हणणं सरळ असतं. "ज्यानं चित्र काढलं त्यानं ते वरून बघायला काढलं ना? मग तुम्ही खालून काय बघताय?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते सांगायला तीन तास लागतात आणि ती दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या दुकानातल्या लोणच्यांकडे वळलेली असते. तोजीच्या बाजारात लोणचीही मिळतात. जुने किमोनो, गंजलेले रंधे, बोन्साय, मान मोडक्या बाहुल्या, भाजलेली रताळी, सगळंच मिळतं. कोबो दाइशी नावाचे थोर बौद्ध आचार्य ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेले, म्हणून दर महिन्याची २१ त्यांची. क्योतोची माणसं या बाजारालाच 'कोबो-सान' म्हणतात. आचार्यांच्या नावानं रताळी विकली जातात याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या मलाही वाटलं नाही.

हा पालथा नाद मला लागला त्याचं खापर मी नोकरीवर फोडतो. उभं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. वरच्या पानावरची बेरीज कुणीही जुळवून आणतो. खरी गंमत मागे टाचलेल्या पावत्यांत असते, हे त्या नोकरीनं हाडीमाशी रुजवलं. निवृत्त झाल्यावर पावत्या संपल्या, पण मागची बाजू बघायची खाज राहिली. त्यात लेक नागोयाला. नातवाच्या बारशाच्या निमित्तानं आम्ही तीन महिने तिच्याकडे गेलो, तेव्हा बायकोला कामच काम आणि मला काडीचं काम नाही. दुपट्याची घडी मी चुकीची घालतो, असा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा फिरून येता का?" तिनं नकाशात एक स्टेशन दाखवलं. स्टेशनाचं नाव शिप्पो.

शिप्पो म्हणजे सात रत्नं. आपल्या बौद्ध ग्रंथांतली सप्तरत्नंच ती. सोनं, रुपं, वैडूर्य वगैरे. पुढची नावं ग्रंथागणिक बदलतात. ही रत्नं चीनमार्गे जपानात पोचली आणि तिथं तांब्यावरच्या मीनाकामाचं नाव होऊन बसली. आता मीना म्हटलं की आपल्याला कुड्या आठवतात, आणि 'एनॅमल' म्हटलं की दवाखान्यातली निळ्या काठाची पांढरी थाळी, जिचा टवका उडालेल्या जागी काळं लोखंड डोळे वटारून बघत असतं. वस्तू एकाच कुळातल्या. धातूवर काच वितळवून बसवायची, इतकंच मूळ. पण एकाच कुळातली सगळी माणसं सारखीच निघतात, असं कोण म्हणेल?

त्या गावाची गोष्ट मला फार आवडते. ओवारी प्रांतात काजी त्सुनेकिची नावाचा एक सामुराई होता. सामुराई म्हटल्यावर तलवार, घोडा असं काही डोळ्यांपुढे आणू नका. अगदी खालच्या पायरीवरचा, तुटपुंज्या तनख्यातला माणूस. १८३३ च्या सुमाराला त्याच्या हाती डच व्यापाऱ्यांनी आणलेली मीनाकामाची एक थाळी लागली. हे असलं काम जपानात पूर्वी नव्हतं असं नाही. तलवारीच्या मुठीजवळ, दारांच्या मुठींवर थोडं थोडं होतं, पण थाळीएवढं मोठं काम कसं करायचं ते तिथं कुणाला येत नव्हतं. काजीनं काय करावं? त्यानं ती थाळी फोडली. काच उखडली, तारा सोडवल्या, आत तांबं आहे हे बघितलं, आणि मग खटपट करत करत स्वतः तशी थाळी घडवली.

इथं मी नेहमी थबकतो. कारण इतिहासात एक माणूस हजरच नाही: काजीची बायको. घरात तांदळाची मारामार, आणि नवरा परदेशी थाळी विकत आणतो. बरं, आणली तर आणली, भिंतीवर तरी लाव. तो फोडतो! फोडून वर म्हणतो, "आत तांबं आहे." त्या माउलीनं काय उत्तर दिलं असेल ते कुठल्याच संग्रहालयातल्या पाटीवर लिहिलेलं नाही. मला मात्र ते मराठीत स्वच्छ ऐकू येतं.

काजीनं शिष्यांना शिकवलं, शिष्यांनी पुढच्यांना, आणि आसपासचं अख्खं गाव या धंद्यात पडलं. पुढे गावाचंच नाव शिप्पो झालं. आज ते आमा नावाच्या शहरात सामील आहे आणि तिथल्या कलाग्रामात कारागीर कसं काम करतात ते बघता येतं. मी तिथं एका बाईंसमोर दीड तास उभा होतो. तांब्याच्या गुळगुळीत फुलदाणीवर चित्र रेखलेलं असतं. त्या रेषांवर केसापेक्षा थोडी जाड अशी चांदीची पट्टीवजा तार चिमट्यानं वाकवून उभी करायची. चिकटवायला डिंक कसला, तर एका ऑर्किडच्या कंदाची खळ. पाकळीची एक कड, मग दुसरी, मग शिरा. सगळीकडे असे इवले इवले वाफे तयार झाले की त्यांत रंगीत काचेची ओली भुकटी भरायची आणि भट्टीत घालायचं, आठशे अंशांच्या आसपास. काच वितळते, बसते, खचते. खचली की पुन्हा भुकटी, पुन्हा भट्टी. असं कित्येकदा. शेवटी वाफे काठोकाठ भरले की दगडांनी घासायला बसायचं, आधी खरखरीत, मग मऊ, तारा आणि काच एका पातळीत येईपर्यंत. बोट फिरवलं तर तार कुठं संपली आणि रंग कुठं सुरू झाला ते कळता कामा नये.

बाईंनी दीड तासात फुलपाखराचा एक पंख उभा केला. मी घरी आलो तेव्हा बायकोनं तेवढ्या वेळात बाळाला न्हाऊ घालून, सहा जणांचा स्वयंपाक करून, दोन फोन घेतले होते. "काय केलंत?" म्हणाली. "पंख बघितला." माझ्या उत्तरावर तिनं फक्त पदर खोचला.

मग नादच लागला. पुस्तकं आली, भिंग आलं. नामिकावा भेटले. एक नव्हे, दोन. क्योतोचे नामिकावा यासुयुकी आणि तोक्योचे नामिकावा सोसुके. दोघं समकालीन, दोघंही मीनाकामातले दिग्गज, १८९६ साली दोघांनाही राजघराण्याचे कलावंत म्हणून नेमलं गेलं, आणि दोघांचं एकमेकांशी नातं शून्य. हे कळायला जपानी माणसाला थोडा वेळ लागत असेल. पण ज्यानं एकाच कचेरीत सात कुलकर्णी बघितलेत त्याला यात विशेष काही वाटत नाही. आडनाव लिहायची अक्षरंही त्यांची वेगळी. स्वभाव तर उत्तर-दक्षिण. यासुयुकी तारेचा भक्त. काळ्याभोर आरशासारख्या पार्श्वभूमीवर सोन्याची तार अशी नाचवायचा की ती कुठं बारीक होते, कुठं जाड, हे कुंचल्यानं केल्यासारखं वाटावं. सोसुकेनं उलट धरलं. त्यानं काच पक्की व्हायच्या आधीच तार काढून टाकायची युक्ती बसवली. मागं राहतं ते धुक्यासारखं चित्र, रंगात रंग मिसळलेला. बघणाऱ्याला वाटतं शाईचं काम आहे. ज्या तारांसाठी सगळा जीव आटवायचा, त्या शेवटी उपटून फेकायच्या! पण तोक्योच्या आकासाका राजवाड्यात त्याचे पक्षी-फुलांचे फलक जेवणाच्या दालनात लावलेले आहेत, ते बघून विरोधाचा आवाज आपोआप खाली येतो.

यासुयुकीचं क्योतोतलं घर आता संग्रहालय आहे. काचेच्या दारांपलीकडे तळं, त्यात गलेलठ्ठ रंगीत मासे. मुंबईत जन्मलेला किप्लिंग १८८९ च्या जपान-प्रवासात या कारखान्यात डोकावून गेला होता. मी तिथं गेलो तेव्हा मासे बहुधा त्याच माशांचे पणतू असावेत. कपाटातली एक काळी फुलदाणी बघून मी पाच मिनिटं श्वास घ्यायचा विसरलो. मग सवयीनं गुडघे टेकले आणि कपाटाच्या खालच्या काचेतून तिचं बूड दिसतंय का ते बघू लागलो. पहारेकरी बाई धावत आल्या. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

आता बुडाकडे येतो, कारण खरा विषय तो आहे.

जपानी चिनीमातीच्या बाबतीत वरच्या बाजूवर विश्वास ठेवायचा नाही हे पटकन कळतं. बुडावरही ठेवायचा नाही हे कळायला मात्र वर्षं जातात. साधं नावच घ्या. निळा, लाल आणि सोनेरी असा भरजरी माल ज्या नावानं जगभर ओळखला जातो ते नाव इमारी. इमारीत तो बनत नव्हता. इमारी हे बंदर. माल बनायचा थोडं आत, क्यूशू बेटावरच्या आरिता गावात. बोटीत बसला इमारीला, म्हणून तो इमारी. आपल्याकडे हापूस वाशीच्या बाजारात उतरतो म्हणून कुणी त्याला 'वाशी' म्हणायला लागलं तर देवगडात आणि रत्नागिरीत काय होईल याची कल्पना करा. दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला येतील.

आरिताची माती तरी जपान्यांनी शोधली का? तर तीही नाही. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं १५९२ पासून कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, हाती काही लागलं नाही, पण परतताना त्याच्या सरदारांनी कोरियन कुंभार उचलून आणले. त्यांतल्या यी साम-प्योंग नावाच्या कुंभाराला १६१६ साली आरिताजवळच्या इझुमियामाच्या डोंगरात पांढरा दगड सापडला, अशी तिथली परंपरा सांगते. दगड कुटून त्याची चिनीमाती. पुढच्या चारेकशे वर्षांत माणसांनी तो डोंगर खणून खणून त्याचा खड्डा केला. एक अख्खा डोंगर बश्या होऊन युरोपात गेला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. गावानं यी साम-प्योंगचं स्मारक उभारलं आहे, आणि त्याच्या खालच्या देवळाचं तोरणद्वार चक्क चिनीमातीचं आहे. पळवून आणलेल्या माणसाला एवढं तरी द्यायलाच हवं होतं.

आणि युरोपानं इमारी मागितली तरी कशासाठी? तर चिनी मिळेना म्हणून. १६४४ साली चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, धामधुमीत भट्ट्या थंडावल्या. नागासाकीच्या देजिमा बेटावर कोंडून घातलेले डच व्यापारी आरिताकडे वळले आणि १६५९ साली त्यांनी भलीमोठी मागणी नोंदवली. मागणी चिनी वळणाच्या मालाची. आरिताच्या कुंभारांनी ती पुरवली, आणि बश्यांच्या बुडावर खुशाल मिंग बादशहांच्या कारकिर्दीची चिनी अक्षरं रेखली. म्हणजे कोरियन कुंभारांच्या नातवंडांनी, जपानी दगडातून, डच गिऱ्हाइकांसाठी केलेली बशी बुडाखाली सांगते, "मी चीनची, बादशहा अमुक." हिशेब तपासनीस म्हणून माझे हात शिवशिवतात. हे बनावट व्हाउचर आहे! पण त्या काळी ती फसवणूक नव्हती. तो मान होता. थोरल्याचं नाव धाकट्याला ठेवावं तसा.

तिकडे युरोपात काय चाललं होतं? सॅक्सनीचा ऑगस्टस, ज्याला 'बलवान' म्हणायचे, त्यानं चिनीमातीपायी खजिना रिकामा केला. १७१७ साली प्रशियाच्या राजाकडून त्यानं १५१ चिनी भांडी घेतली आणि बदल्यात ६०० घोडदळाचे सैनिक दिले. भागाकार करून बघा, एका नगाला जवळजवळ चार शिपाई. घोडे न देता, नुसती माणसं. (मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, तुम्ही अगदीच काही वाया गेलेले नाही.") याच ऑगस्टसनं सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या बोटगर नावाच्या किमयागाराला डांबून ठेवलं होतं. त्याला सोनं काही जमलं नाही, पण पांढरी चिनीमाती जमली आणि १७१० साली माइसेनचा कारखाना उभा राहिला. माइसेननं कुणाची नक्कल केली? आरिताच्या काकिएमोन घराण्याची! दुधाळ पांढऱ्यावर जरा कुठं लाल फूल, जरा कुठं लावा पक्षी. बाकी सगळी मोकळी जागा. मग चिनी भट्ट्या पुन्हा पेटल्या तेव्हा चिन्यांनी इमारीची नक्कल केली, कारण युरोपात आता ती खपत होती. मग इंग्रजांनी केली. मूळ कुणाचं आणि नक्कल कुणाची, हा प्रश्न मी पहिल्या वर्षी वहीत लिहिला होता. दुसऱ्या वर्षी ते पान फाडलं.

बुडावर विश्वास नाही, तर मग बघायचं काय? त्या बादशहाच्या अक्षरांच्या आजूबाजूला आरिताच्या जुन्या थाळ्यांना तीन, चार, पाच बारीक ठिपक्यांसारखे व्रण असतात. थाळी भट्टीत तापून मऊ पडली की मध्येच खचू नये म्हणून खालून मातीच्या टोकदार खुंट्यांचा आधार देत. नंतर खुंट्या मोडून काढत, खूण राहायची. ती खूण करणाऱ्याच्या मनात नसते, म्हणूनच ती मला बादशहापेक्षा जवळची वाटते. पावतीवरच्या सहीपेक्षा मला नेहमी टाचणीचं भोक जास्त माहिती द्यायचं, तसं.

सात्सुमाचा घोळ आणखी वेगळा. सात्सुमा म्हणजे दक्षिणेकडचा कागोशिमाचा प्रांत, तिथल्या शिमाझू सरदारांचा. सायीच्या रंगाची काया, तिच्यावर दुधाच्या सायीला पडतात तशा अगदी बारीक सुरकुत्या, आणि वर सोनं. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सात्सुमावाल्यांनी देश चालवणाऱ्या शोगुनला बाजूला ठेवून आपलं वेगळं दालन थाटलं. शोगुनच्या माणसांचा तिळपापड झाला, पण पॅरिस भाळलं. मागणी अशी उसळली की क्योतो, ओसाका, योकोहामा सगळीकडे सात्सुमा निघू लागला, बुडावर शिमाझूंचं वर्तुळातल्या फुलीचं चिन्ह मारून. कागोशिमा बघितलेलीही नाही अशा फुलदाण्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फक्त इथं कथलावर सोनं खरोखरचं होतं.

त्यांतलं चांगलं काम मात्र विलक्षण. ओसाकाच्या याबु मेइझानच्या एका वीतभर वाडग्यात मी शेकडो फुलपाखरं बघितली आहेत, एकावर एक चढलेली, एकासारखं दुसरं नाही. ती मोजायचा प्रयत्न केला आणि दोनदा चुकलो. वाईट कामही भरपूर. एकाच फुलदाणीवर अर्हत, ड्रॅगन, गेशा, फुजीचा डोंगर, शेवंती, खिडकी, खिडकीत पुन्हा अर्हत. अनंत चतुर्दशीला अलका चौकात जेवढी गर्दी असते तेवढी एका सुरईवर. जपानी घरात हे ठेवायचं कुठं? तिथं एका कोनाड्यात एक फूल, भिंतीला टेकून पोकळी. हा माल त्यांच्यासाठी नव्हताच. तो लंडन-बॉस्टनच्या दिवाणखान्यातल्या फळीसाठी होता. परदेशी माणसाच्या मनात जपान जसा असेल तसा जपान करून द्यायचा. आपली शोकेस आठवा: ताजमहाल, कथकळीचा मुखवटा, काचेतलं जहाज. त्यात हा माल चपखल बसला असता.

आणि बसला होताही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. लहानपणी मी त्या दालनातून धावत गेलो आहे, कारण पुढे पेंढा भरलेले प्राणी होते. हैदराबादच्या सालारजंगमध्येही तेच; तिथं सगळे वाद्य वाजवणाऱ्या घड्याळापुढे थांबतात आणि जपानी दालन मोकळं असतं. पालथेपंथीयांना ते बरंच.

गंमत म्हणजे हा माल बाहेर गेला आणि बाहेरच राहिला. क्योतोच्या किओमिझु देवळाच्या चढावर २००० साली एक छोटं संग्रहालय उघडलं, त्याच्या मालकानं मेइजी बादशहाच्या काळातल्या अशा वस्तू परदेशातल्या लिलावांत विकत घेऊन घरी आणल्या. पणजोबांनी विकलेलं पणतवानं दामदुपटीनं सोडवून आणावं तसं. तिथं जपानी पोरं काचेला नाक लावून "हे आपण केलं?" अशा चेहऱ्यानं उभी असतात.

बुडावरची इंग्रजी अक्षरं हा आणखी एक खजिना, आणि तो माझ्यासारख्या गरीब संग्राहकाच्या आवाक्यातला. १८९१ साली अमेरिकेत नियम आला, परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं. जपान्यांनी लिहिलं 'निप्पॉन'. तीस वर्षं कुणाची तक्रार नव्हती. १९२१ साली अमेरिकन कारकुनांच्या लक्षात आलं की निप्पॉन हा शब्द इंग्रजी नाही, तेव्हापासून 'जपान'. युद्धानंतर काही वर्षं 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे ताब्यातला जपान. एका देशाचं नशीब कपाच्या बुडाखाली असं वर्षवार नोंदलेलं बघितलं की मला जुन्या खतावण्या आठवतात. माझ्या आजीकडे पातळ, उजेडात धरला तर बोट दिसेल अशा कपांचा एक सेट होता. सहातले दोन उरलेले. 'जपानी माल' हा शब्द ती नाक मुरडून वापरायची, म्हणजे दिसायला चांगला, टिकायला नाही. गेल्या दिवाळीत मी त्यांतला एक कप माळ्यावरून काढून उलटा केला. नुसतं 'जपान'. म्हणजे १९२१ नंतरचा. आजी १९८४ साली गेली. न टिकणारा कप अजून आहे.

हां, आणि खोकी. जपानात चांगल्या वस्तूला लाकडी पेटी असते, वस्तूच्या मापाची, सुताच्या फितीनं बांधलेली, झाकणावर करणाऱ्याचं नाव आणि शिक्का. पेटीसकट वस्तू आणि बिनपेटीची वस्तू यांच्या भावात घसघशीत फरक. हे कळलं त्या रात्री मी बायकोची मनापासून क्षमा मागितली. तीस वर्षं मी तिला टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं खोकं टाकून दे म्हणत होतो आणि ती म्हणत होती, "असू दे, लागतं."

तर त्या २१ तारखेला तोजीच्या आवारात माझ्या हातात होता एक इमारी वाडगा. बुडावर मिंग बादशहाची सहा अक्षरं, भोवती तीन व्रण, निळा रंग थोडा फेसाळलेला. मी व्रण मोजले, पायाची कड नखानं तपासली, भिंग लावलं, पुन्हा व्रण मोजले. दहा मिनिटं गेली. दुकानदार आजीबाई शांतपणे मोजे विणत होत्या. लेक फोनवर किमतीचा गुणाकार करत होती. एवढ्यात बायको लोणचं घेऊन परत आली. तिनं वाडगा माझ्या हातून घेतला, सरळ केला, तळहातावर ठेवला आणि काठाला टिचकी मारली.

"बद्द वाजतंय," म्हणाली. "तडा गेलाय कुठंतरी."

मी हसलो. मग भिंग घेतलं. आतल्या बाजूला, शेवंतीच्या सोनेरी देठाला अगदी लागून, केसाएवढी रेघ होती. चाळीस उन्हाळे कुंभाराकडून माठ वाजवून आणलेल्या बाईला बादशहाची अक्षरं वाचावी लागत नाहीत. आजीबाईंनी विणकाम खाली ठेवलं, बायकोकडे बघितलं आणि कमरेत लवून नमस्कार केला. मला तसा कुणी केला नव्हता.

त्यांनी मग मागच्या टोपलीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे दिली. वीतभर शिप्पोची फुलदाणी. गडद निळी, रात्री साडेसातच्या आभाळासारखी, आणि एका अंगाला चांदीच्या तारेतली विस्टेरियाची एक फांदी. बाकी काही नाही. बायकोनं टिचकी मारली. तांबं आतून खणकन बोललं. मी चोरून बूड बघितलं. हिरवट काच, चांदीची कड, आणि नाव नाही. ना नामिकावा, ना निप्पॉन. कोरी पाटी. "कुणी केली?" मी लेकीकरवी विचारलं. आजीबाईंनी खांदे उडवले. गावात घरोघर करायचे, असं काहीसं म्हणाल्या. पेटी नव्हती.

बायकोनं घासाघीस न करता पैसे दिले. हे मी तिच्याकडून आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

पुण्याला आलो. पहिल्या रात्री फुलदाणी उशाशी ठेवून मी पुस्तकं चाळली. विस्टेरियाच्या वळणावरून कोणत्या कारखान्याची ते ठरवता येतं का, तारेच्या जाडीवरून साल लागतं का. वहीची सहा पानं भरली. बायकोला म्हटलं, याला हात लावताना अंगठी काढत जा, उन्हात ठेवू नकोस, पाणी घालू नकोस, आणि धुवायची तर अजिबात नाही. धूळ मी कुंचल्यानं झाडीन.

"बरं," म्हणाली.

सकाळी फिरून आलो तर उशाशी फुलदाणी नव्हती. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर रात्रीच्या वाट्या, दुधाचं पातेलं, आजीचा 'जपान' कप, सगळी धुतलेली भांडी निथळत पालथी घातली होती, आणि त्यांच्या मधोमध ती, निळी, उलटी, कोरं बूड वर करून. बुडाच्या खोलगट भागात चमचाभर पाणी साचलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं.

मी भिंग आणायला वळलो.

"आता तरी सरळ करा," ती आतून म्हणाली. "जास्वंद काढून ठेवलीय."